काठीला जे जमतं, ते कॅमेऱ्याकडून कशाला करून घ्यायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातले चार विद्यार्थी दृष्टिहीन व्यक्तींसाठी चष्मा बनवताहेत. चष्म्यात कॅमेरा, आत योलोसारखं वस्तू ओळखणारं मॉडेल, आणि समोर जे दिसेल ते कानात बोलून सांगायचं. चाचणीत नव्वद टक्के अचूकता मिळते आहे. त्यांनी विचारलंय की ती आणखी कशी वाढवावी, मॉडेल कोणतं घ्यावं आणि हे खरोखर कुणाच्या उपयोगी पडेल का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं त्यावर अवलंबून आहेत.

दृष्टिहीन आणि अल्पदृष्टी असलेल्या लोकांसाठी कॅमेऱ्यावर चालणारी साधनं बनवण्यात माझी चौदा वर्षं गेली. माझं पहिलं काम नेमकं तुमच्यासारखंच होतं. छातीवर कॅमेरा, पाठीवरच्या सॅकमध्ये लॅपटॉप आणि कानात ‘समोर माणूस, समोर माणूस, समोर खांब’ असं अखंड चालू. पुण्यातले एक निवृत्त शिक्षक, जन्मापासून दृष्टिहीन, आमच्यासाठी ते सगळं अंगावर बांधून लक्ष्मी रस्त्यावर चालले. शंभरेक पावलांनंतर त्यांनी हेडफोन काढला आणि म्हणाले, “पुढे खांब आहे हे मला काठी सांगते, आणि तुझ्या यंत्राच्या आधी सांगते. त्या खांबावरची पाटी वाचून दाखव. मग मी हे घालीन.”

माझं पुढचं सगळं काम त्या वाक्यावर उभं आहे.

पांढरी काठी हे फार विचार करून घडलेलं साधन आहे. पुढच्या पावलाला खड्डा आहे की पायरी, फरशी आहे की माती, हे ती हाताला थेट सांगते. तिला चार्जिंग लागत नाही, पावसात ती बंद पडत नाही आणि मुख्य म्हणजे ती कान अडवत नाही. दृष्टिहीन माणूस रस्त्यावर कानांनी चालतो. गाड्यांचा ओघ कोणत्या दिशेने आहे, भिंत संपून गल्ली कुठे सुरू झाली, हे त्याला आवाजाच्या बदलातून कळतं. त्या कानांत तुम्ही सतत बोलत राहिलात, तर मदतीच्या नावाखाली त्याची सगळ्यात भरवशाची वाट तुम्हीच बंद केली असं होतं.

काठीला एक गोष्ट जमत नाही, ती म्हणजे कमरेच्या वरचं सांगणं. रस्त्यावर उघडलेली खिडकी, टपरीचा पुढे आलेला पत्रा, उभ्या ट्रकची मागची फळी, खाली आलेली फांदी. कपाळाला खोक पडते ती यांनी. पण त्यासाठीही कॅमेरा लागत नाही. आयआयटी दिल्लीच्या गटाने बनवलेली स्मार्टकेन २०१४ साली आली. काठीला बसवलेला ध्वनिलहरींचा सेन्सर सुमारे तीन मीटरपर्यंतचा अडथळा ओळखतो आणि मुठीत कंपनं देतो. अंधारातही चालतो, बोलत काहीच नाही. तुम्हाला अडथळ्यांवरच काम करायचं असेल, तर आधी ती काठी हातात घेऊन बघा आणि तुमचा चष्मा तिच्याहून जास्त काय देतो ते कागदावर लिहा.

आता तुमच्या नव्वद टक्क्यांबद्दल. ते कोणत्या चित्रांवर मोजलेत? बहुधा तुमचं मॉडेल कोको या डेटासेटवर, म्हणजे नावं लावलेल्या चित्रांच्या संचावर, शिकलेलं असणार. त्यात ८० प्रकारच्या वस्तू आहेत. जिराफ आहे, झेब्रा आहे, स्नोबोर्ड आहे, फ्रिसबी आहे. रिक्षा नाही. हातगाडी, उघडं गटार, फुटपाथवर वाळत घातलेली मिरची यांतलं काही नाही. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने भारतीय रस्त्यांचा आयडीडी नावाचा संच तयार केला, त्यात रिक्षा आणि जनावरं हे वेगळे वर्ग आहेत, आणि तो मोलाचा आहे. पण त्यातली चित्रं गाडीला लावलेल्या कॅमेऱ्यातून, रस्त्याच्या मधून घेतलेली आहेत. तुमचा माणूस फुटपाथवर आहे, चालताना त्याची मान हलते, आणि कॅमेरा निम्मा वेळ जमिनीकडे किंवा आकाशाकडे असतो. त्या चित्रांवर तुमची अचूकता किती भरते ते मोजा. आणि नव्वद टक्के टिकले असं धरलं, तरी यंत्र मिनिटाला दहा वेळा बोललं तर दर मिनिटाला त्यातली एक गोष्ट खोटी असेल.

कॅमेऱ्याला प्रतिस्पर्धी नाही ते काम म्हणजे वाचन. छापलेलं अक्षर हाताला लागत नाही आणि कानाला ऐकू येत नाही. अमेरिकन संशोधक रे कर्झवाइल यांनी १९७६ साली छापील मजकूर बोलून दाखवणारं वाचनयंत्र आणलं तेव्हा ते मोठ्या पेटीएवढं होतं. आज तेच काम खिशातला फोन करतो. मायक्रोसॉफ्टचं सीइंग एआय, गूगलचं लुकआउट ही ॲप्स फुकट मिळतात आणि इंग्रजी मजकूर फार चांगला वाचतात. मराठीकडे वळलं की मात्र अडचणी सुरू होतात, आणि तुमच्यासारख्यांची गरज तिथे आहे.

इंग्रजीत अक्षरांमध्ये मोकळी जागा असते. आपल्याकडे शिरोरेषा सगळा शब्द एकत्र बांधते, म्हणून जुन्या पद्धती आधी शिरोरेषा पुसायच्या आणि मग अक्षरं तोडायच्या. आता चित्रातली अक्षरं ओळखणारी टेसरॅक्टसारखी इंजिनं आवृत्ती चारपासून आख्खी ओळ एकदम वाचतात, त्यामुळे पुष्कळ फरक पडला. तरीही ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांत त्यांची गल्लत होते. कारण साधं आहे: ध आणि भ यांच्या डोक्यावर शिरोरेषा तुटलेली असते, आणि स्वस्त छपाईत शाई पसरली की ती फट बुजते. मग ‘धार’ची ‘घार’ होते, ‘भरणे’चं ‘मरणे’ होतं. दुसरी अडचण खास मराठी आहे. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’, ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’. ‘दऱ्या’तला हा अर्धा र हिंदीत नाही. हिंदी मजकुरावर तयार झालेलं मॉडेल तो सहसा गिळतं किंवा रफार करून टाकतं. तुमच्याजवळ आठ आठवडे असतील आणि तुम्ही फक्त जुन्या पाठ्यपुस्तकांची आणि सरकारी नोटिसांची पानं गोळा करून हा एक र नीट वाचायला लावलात, तरी मी त्याला पूर्ण प्रकल्प मानीन.

कॅमेऱ्याशी दूरचं वाटेल, पण मराठी दृष्टिहीन विद्यार्थ्यांचा सगळ्यात मोठा त्रास सांगते. त्यांना नोट्सची पीडीएफ मिळते. डोळ्यांनी बघणाऱ्याला ती स्वच्छ मराठी दिसते. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी सोय, वाचू लागतो तेव्हा मात्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी ऐकू येते, कारण ती फाइल श्रीलिपी किंवा कृतीदेव यांसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली असते आणि आतून ती युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी प्रमाण पद्धत, नसतेच. अशा वेळी लोक पानाचं चित्र काढून त्यावर अक्षरओळख चालवतात. चालतं, पण तो आडमार्ग आहे. फाँट कोणता आहे ते कळलं तर अक्षरशः तक्ता लावून मजकूर युनिकोडमध्ये बदलता येतो, आणि त्यात ‘ध’चा ‘घ’ होण्याची शक्यताच राहत नाही. जिथे नियमाने काम होतं तिथे मॉडेल लावू नका.

आता नोटांचं उदाहरण घेते, कारण या क्षेत्रातलं जवळजवळ सगळं त्या एका कामात शिकता येतं.

पूर्वीच्या नोटा बोटांनी ओळखता येत. जुनी शंभरची नोट १५७ मिलिमीटर लांब होती, जुनी पाचशेची १६७. एक सेंटीमीटरचा फरक सरावलेल्या बोटांना पुरतो. २०१६ पासूनच्या नव्या मालिकेत शंभरची १४२, दोनशेची १४६ आणि पाचशेची १५० मिलिमीटर आहे, आणि तिन्हींची रुंदी सारखीच, ६६. चार मिलिमीटरचा फरक गर्दीत, भाजीवाल्यासमोर उभं राहून कोण मोजणार? कडेच्या उठावदार रेघा आणि खुणा आहेत, शंभरवर त्रिकोण, पाचशेवर वर्तुळ. पण नोट चार महिने फिरली की त्या बसतात. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था हा प्रश्न घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० रोजी ‘मनी’ हे ॲप आणलं. ते इंटरनेटशिवाय चालतं, नोटेची कोणतीही बाजू किंवा अर्धी दुमडलेली नोट ओळखतं, बोलून आणि कंपनांनी सांगतं. नोट खरी की बनावट हे मात्र ते सांगत नाही, आणि तसं ते आधीच स्पष्ट करतं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आम्हीही त्याआधी नोटा ओळखायचं एक ॲप करून पाहिलं होतं. प्रयोगशाळेत ते उत्तम चाललं. मग चाचणीला आलेल्या एका मुलीने कॅमेऱ्यासमोर चुकून औषधाच्या दुकानातली पावती धरली, आणि ॲपने ठामपणे सांगितलं, “शंभर रुपये.” आमच्या मॉडेलला सहाच गोष्टी माहीत होत्या, सहाही नोटा. त्यामुळे समोर काहीही आलं तरी ते त्या सहांपैकी एकीचं नाव घेणार. तिने ती पावती पर्समध्ये शंभरच्या कप्प्यात ठेवली. आम्ही सगळे बघत होतो, म्हणून तिला सांगू शकलो. बाजारात कुणी सांगितलं नसतं.

बघणाऱ्या माणसासाठी केलेल्या ॲपने चूक केली तर तो स्क्रीनकडे बघतो आणि दुरुस्त करतो. इथे वापरणारा तुमचं उत्तर पडताळून पाहू शकत नाही. पडताळता येत नाही म्हणूनच तो तुमच्याकडे आला आहे. त्यामुळे ‘चूक’ आणि ‘सांगता येत नाही’ या दोन गोष्टी एकाच टक्केवारीत कधीही मिसळू नका. तीन आकडे वेगळे ठेवा: किती वेळा बरोबर, किती वेळा चूक आणि किती वेळा गप्प. नोटेच्या बाबतीत वीस टक्के वेळा गप्प राहिलं तरी चालेल, माणूस नोट उलटून पुन्हा धरेल, त्याचे दोन सेकंद जातील. पण चुकीचा आकडा शून्याच्या जितका जवळ नेता येईल तितका न्या. आम्ही पुढे ‘नोट नाही’ असा सातवा वर्ग केला आणि त्यात रुमाल, पावत्या, तळहात, बसची तिकिटं, मुलांच्या खेळातल्या खोट्या नोटा असं सगळं भरलं. सलग तीन फ्रेममध्ये तेच उत्तर आल्याशिवाय बोलायचं नाही असा नियम घातला. मॉडेल जो आत्मविश्वासाचा आकडा देतं, त्यावर थेट विसंबू नका. ०.९७ आलं म्हणजे शंभरातल्या सत्त्याण्णव वेळा बरोबर असं होत नाही. वेगळ्या चित्रांवर तो आकडा तपासून, जुळवून घ्यावा लागतो.

औषधाच्या पट्टीवरची मुदतीची तारीख हे यातलं सगळ्यात कठीण काम. चकचकीत पन्नी, त्यावर ठशाने उठवलेले आकडे, शाई पुसट, आणि फोनचा टॉर्च लावला की तोच भाग पांढरा होतो. तिथे ३ आणि ८ एकसारखे दिसतात. तारीख वाचता आली नाही तर “पट्टी थोडी तिरकी करा” असं सांगा, आणि दोनतीन प्रयत्नांनंतरही जमलं नाही तर “तारीख वाचता येत नाही, कुणाला तरी विचारा” असं स्पष्ट सांगा. हे वाक्य बोलायला संगणकाला शिकवणं हे तुमचं खरं अभियांत्रिकी काम आहे.

हे आता जास्तच लिहावंसं वाटतं, कारण चित्राचं वर्णन करणारी मोठी भाषिक मॉडेलं आली आहेत. बी माय आइज या ॲपवर २०१५ पासून जगभरचे स्वयंसेवक व्हिडिओ कॉलवर दृष्टिहीनांना मदत करत होते. २०२३ मध्ये त्यात जीपीटी-४ वर चालणारं वर्णनही आलं. माझ्या ओळखीतल्या अनेकांना त्याने मोठा आनंद दिला. लग्नातले फोटो, कपड्यांचे रंग, व्हॉट्सॲपवर आलेलं चित्र, हे प्रथमच कुणाला न विचारता कळू लागलं. तो आनंद मी कमी लेखणार नाही. पण ही मॉडेलं न दिसलेलं भरून काढतात, आणि इतक्या सफाईदार भाषेत भरून काढतात की शंका येत नाही. जुनं अक्षरओळखीचं इंजिन चुकलं की कचरा ऐकू येई, आणि ऐकणाऱ्याला लगेच कळे की काहीतरी बिघडलंय. आता चूकही व्याकरणशुद्ध असते. म्हणून माझा नियम आहे: फोटोच्या वर्णनाला भाषिक मॉडेल चालेल. औषध, पैसे, तारीख, बसचा नंबर यांना नाही.

फोटो मुळात नीट कसा निघेल, हे तुमच्या यादीत कुठेच दिसलं नाही. दृष्टिहीन लोकांनी स्वतः काढलेल्या फोटोंचा आणि त्यावर विचारलेल्या प्रश्नांचा विझविझ नावाचा संच आहे, ३१ हजारांहून जास्त प्रश्नांचा. तो उघडून एक संध्याकाळ नुसती चित्रं बघा. अस्पष्ट, अर्धी कापलेली, बोट आडवं आलेली, आणि कितीतरी प्रश्नांचं उत्तर चित्रात नाहीच. मॉडेल बदलण्याआधी यावर काम करा. “कागदाची डावी कड दिसत नाही, फोन थोडा डावीकडे न्या” एवढं सांगणारा छोटासा भाग, मी पाहिलेल्या कुठल्याही नव्या मॉडेलपेक्षा जास्त फरक पाडतो. आणि माणसांना शिकवायची एक जुनी युक्ती आहे, तीही ॲपमध्ये बोलून सांगा: फोन कागदाच्या मधोमध ठेवा, हातांची दोन्ही कोपरं टेबलावर टेकवा, आणि फोन सरळ वर उचला, वीतभराहून थोडा जास्त. ए-फोर आकाराचं पान बरोबर बसतं.

बसची पाटी तुम्हाला करायची असेल तर एक तांत्रिक गोष्ट. एलईडी पाटीतले सगळे दिवे एकाच वेळी पेटलेले नसतात, ओळीओळीने ते झपाट्याने पेटत-विझत असतात. आपल्या डोळ्याला ते जाणवत नाही, पण भर उन्हात फोनचं शटर इतकं वेगवान होतं की फोटोत निम्मा आकडाच येतो. सलग आठदहा फ्रेम घ्या, त्या एकमेकींवर जुळवा आणि प्रत्येक ठिकाणची सर्वांत उजळ किंमत ठेवा, आकडा पूर्ण होतो. मुंबईत बेस्टच्या बसवर पुढे मराठी आकडे असतात, म्हणून दोन्ही लिपींतले आकडे शिकवा. हे सगळं करा, पण याहून चांगला उपाय बसनेच बोलणं हा आहे. आयआयटी दिल्लीच्याच गटाची ऑनबोर्ड ही रेडिओ लहरींवर चालणारी यंत्रणा बस थांब्यावर आली की तिचा नंबर आवाजात सांगते, आणि तिची चाचणी मुंबईत झाली आहे. बस जिथे बोलते तिथे कॅमेऱ्याची गरजच उरत नाही.

चष्म्याऐवजी फोन घ्या. टॉकबॅक हा अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर बहुतेकांना येतो, फोन बहुतेकांकडे आहे, तोही बहुधा दहा हजारांच्या आतला. मॉडेल त्यात इंटरनेटशिवाय चाललं पाहिजे. हे फक्त रेंजसाठी नाही. लोक तुमच्या कॅमेऱ्यासमोर पासबुक धरतील, दवाखान्याचे कागद धरतील. ते त्यांच्या फोनबाहेर जाता कामा नयेत. आणि अल्पदृष्टी असलेल्यांना विसरू नका. त्यांना बहुधा बोलणारं काही नको असतं. अक्षर मोठं, पिवळ्यावर काळं, हलताना स्थिर राहणारं, एवढंच हवं असतं, आणि ते बनवायला सोपं आहे.

दृष्टीबाहेरच्या कामांबद्दल थोडंच लिहिते. खुणांची भाषा ओळखणारे हातमोजे किंवा कॅमेरे करण्याचा मोह तुमच्यापैकी कुणालातरी होईल. भारतीय सांकेतिक भाषेचं व्याकरण बरंचसं चेहऱ्यावर असतं, भुवया उंचावल्या की विधानाचा प्रश्न होतो. हाताचे एकवीस बिंदू पकडून ते हाती लागत नाही. मूकबधिर शाळेतल्या मुलांबरोबर वर्षभर बसायची तयारी असेल तरच तिकडे जा. उलट, हात न चालणाऱ्यांसाठी चेहऱ्याच्या हालचालींवर फोन चालवण्याची सोय अँड्रॉइडमध्ये २०२१ पासून आहे. हसणं, तोंड उघडणं, भुवया उंचावणं. ती अनेकांना माहीतच नाही. पक्षाघात झालेल्या एखाद्या आजोबांच्या घरी जाऊन ती नीट बसवून दिलीत, तर नव्या शोधाइतकंच ते काम आहे.

आणि हाच कॅमेरा माणसाला बाहेरही ठेवतो. बँकेत खातं उघडताना, सिम घेताना ‘डोळे मिचकावा’ असं सांगणारी चेहऱ्याची तपासणी तुम्ही पाहिली असेल. ॲसिड हल्ल्यात डोळे गमावलेल्या व्यक्तींना आणि दृष्टिहीनांना तिथेच थांबावं लागत होतं. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून प्रकरणात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणं हा अनुच्छेद २१ खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, आणि मिचकावण्याला पर्याय द्या असा आदेश दिला. उद्या तुमच्यापैकी कुणी बँकेसाठी असं मॉडेल लिहील. तेव्हा हा निकाल टेबलावर ठेवा.

आता पुढचे दोन आठवडे संगणक बाजूला ठेवा. पुण्यात असाल तर कोरेगाव पार्क आणि कोथरूडला अंधशाळा आहेत, आधी फोन करून, परवानगी घेऊन जा. काही दाखवायला नेऊ नका. सहा-सात जणांना एवढंच विचारा की गेल्या आठवड्यात कुणाला तरी “हे जरा वाचून दाखव” असं किती वेळा म्हणावं लागलं, आणि कशासाठी. उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या आणि मला पाठवा. मॉडेल कोणतं घ्यायचं ते त्या यादीवरून आपण मिळून ठरवू.